परकी वस्तू

'व्हिडिओ' हा शब्द आमच्या मोहल्ल्यात आला तो दोन अर्थांनी. एक म्हणजे भाड्याने आणलेला व्हीसीआर. तो आला की कुणाच्या तरी अंगणात रात्रभर तीन पिक्चर चालत आणि फजरच्या नमाजेला निघालेली बुजुर्ग माणसे पेंगणाऱ्या पोरांना दोन शब्द सुनावत पुढे जात. दुसरा अर्थ लग्नातला. लग्नात व्हिडिओवाला बोलवायचा की नाही, यावरून आमच्या खानदानात रुसवेफुगवे झालेले आहेत. बोलावलाच तर बायकांच्या बाजूला त्याने यायचे नाही, अशी दादीची अट असे. तरी तो यायचाच. डोळे दिपवणारा तो दिवा घेऊन त्याचा पोऱ्या पुढे आणि कॅमेरा घेऊन हा मागे. दादी पदर तोंडावर ओढून घ्यायची आणि आतून विचारायची, "किसकू पूछको निकालता रे?" तिला उत्तर कधी मिळाले नाही. सगळे हसायचे. ती कॅसेट अजून आमच्या घरी आहे, चालवायला यंत्र नाही.

'व्हिडिओ आर्ट' ही तिसरीच गोष्ट. ती आमच्या गल्लीत आलेली नाही आणि कधी येईल असे वाटतही नाही. मला ती भेटली पाठ टाचणाच्या निमित्ताने. मी सोलापुरात एका उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते. पचनसंस्थेचा, म्हणजे आमच्या भाषेत 'निज़ामे-हज़्म'चा पाठ पडद्यावर चित्रफीत दाखवून घ्यायचा होता. तक्त्यावरचा मेदा आणि आतडी पोरांना पाठ असतात, पण तो तक्ता पिवळा, निळा, गुलाबी. आतून माणूस तसा नसतो. म्हणून मोबाइलवर शोधाशोध चालली होती. त्यात डॉक्टरांच्या चित्रफितींमध्ये एक वेगळीच चीज समोर आली. पांढरी गोल खोली, जमिनीवर एक वर्तुळ, त्या वर्तुळात ओल्या गुलाबी भिंतींचे भुयार आणि कडेला भिंतीला पाठ लावून उभी असलेली माणसे. खाली नाव होते मोना हातूम.

ज्यांनी हा कलाप्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. कोरियात जन्मलेल्या नाम जून पाईक याने १९६३ साली जर्मनीतल्या वुपरटाल शहरी टीव्हीचे संच मांडून, त्यांच्यातली चित्रे मुद्दाम बिघडवून प्रदर्शन केले. तिथून या कलेची सुरुवात मानतात. पुढे त्या दशकाच्या उत्तरार्धात एकट्या माणसाला खांद्याला अडकवून नेता येईल असे व्हिडिओचे यंत्र बाजारात आले आणि चित्रकार, शिल्पकार मंडळींनी ते उचलले. यात सिनेमासारखी गोष्ट असतेच असे नाही. पडदा भिंतीवर असेल, जमिनीवर असेल, ताटातही असेल. तेच चित्र पुन:पुन्हा चालू राहते, तुम्ही कधीही आत या, कधीही बाहेर पडा. खरे सांगायचे तर यातले पुष्कळसे मला उगीच लांबवलेले वाटते. पण माणसाचा देह, जनावराचा देह आणि यंत्र या तिघांना एका खोलीत आणून उभे करणारी जी काही कामे आहेत, ती मात्र मनातून जात नाहीत. जमिनीवरचे ते वर्तुळ तर नाहीच नाही.

मोना हातूम १९५२ साली बैरूतमध्ये एका पॅलेस्टिनी कुटुंबात जन्मली. १९७५ मध्ये ती लंडनला थोड्या दिवसांसाठी म्हणून गेली आणि मागे लेबनॉनमध्ये यादवी पेटली. परतीचा रस्ता बंद झाला, ती तिथेच राहिली, तिथेच कला शिकली. १९९४ साली पॅरिसच्या पॉम्पिदू सेंटरच्या मदतीने तिने 'कोर एत्राँजे' हे काम केले. नावाचा अर्थ 'परका देह' किंवा डॉक्टरांच्या भाषेत 'फॉरेन बॉडी'. कॅमेरा प्रथम तिच्या त्वचेवरून फिरतो, इतक्या जवळून की केस म्हणजे रान वाटावे आणि डोळा म्हणजे तळे. मग तो शरीराच्या वाटांनी आत शिरतो. घसा, जठर, आतडी. हे सगळे डॉक्टरी दुर्बिणीने चित्रित केलेले आहे आणि शरीर तिचे स्वत:चे आहे. सोबत श्वासाचा आणि हृदयाच्या ठोक्यांचा आवाज. पाहणाऱ्याने एका अरुंद दारातून त्या गोल खोलीत जायचे. जमिनीचा बहुतेक भाग चित्राने व्यापलेला, म्हणून भिंतीला चिकटून उभे राहायचे. पायाशी विहीर असावी तसे ते भुयार सरकत राहते. पाय टाकला तर आत जाऊ, अशी भीती वाटत असणार. मी ते फक्त मोबाइलच्या पडद्यावर पाहिले आहे, तरी पाय मागे घेतला.

१९९५ साली इंग्लंडच्या टर्नर पारितोषिकाच्या अंतिम यादीत हातूमचे नाव होते. पारितोषिक मिळाले डेमियन हर्स्टला. त्या वर्षीच्या प्रदर्शनात त्याने एक गाय आणि तिचे वासरू मधोमध चिरून, औषधी पाण्याच्या काचपेट्यांत उभे करून ठेवले होते. पेट्यांच्या मधून चालत जाऊन लोक गाईचे आतले अवयव बघत. ही कलाकृती आपल्याकडे आणायचे कुणाच्या मनात येणार नाही, ते एक बरेच आहे. पण त्या एका वर्षी एका दालनात गाईचे पोट आणि दुसऱ्या दालनात बाईचे पोट लोकांसमोर होते, हे वाचून मला माझ्या अम्मीची आठवण झाली. हे विचित्र वाटेल, म्हणून सांगते.

२०१९च्या पावसाळ्यात अम्मीचे खाणे सुटले. चार घास खाल्ले की जळजळ, उलटी. वजन उतरू लागले. डॉक्टरांनी दुर्बीण टाकून बघायला सांगितले. अब्बांच्या मागे घरातली शिकलेली मीच, म्हणून मी बरोबर. शहरातले एक मोठे रुग्णालय होते, नाव सांगण्यात अर्थ नाही. एका कागदावर तिची सही घेतली. कागद इंग्रजीत, सही उर्दूत. मग बुरखा काढून हिरवा झगा चढवला, घशात कडू फवारा मारला, दातांत प्लॅस्टिकची कडी बसवली आणि तिला डाव्या कुशीवर झोपवले. काळी नळी आत गेली. पडदा भिंतीवर उंच लावला होता, टीव्ही असतो तसा.

त्या खोलीत डॉक्टर होते, नर्स होती, मी होते. शिवाय तीन विद्यार्थी होते. एक वॉर्डबॉय येऊन जाऊन होता. दार अर्धे उघडे होते आणि बाहेरच्या बाकावर आपल्या पाळीची वाट बघणारे लोक मान लांब करून पडदा बघत होते. जी बाई भाजीवाल्यासमोरसुद्धा डोक्यावरचा पदर घसरू देत नाही, तिचा घसा, तिची अन्ननलिका, तिचे जठर ओळीने दहा-बारा परक्या माणसांनी पाहिले. कुणी वाईट नजरेने पाहिले असे मी म्हणणार नाही. ते जेवणाच्या सुट्टीच्या गप्पा मारत पाहत होते. एका विद्यार्थ्याला डॉक्टरांनी विचारले, "हे काय दिसतंय?" तो म्हणाला, "अल्सर." बरोबर होते. मी दार लोटून घेतले, नर्सने ते पुन्हा उघडले, कारण आत उकडत होते.

अम्मीच्या तोंडात कडी होती. तिला बोलता येत नव्हते. पण तिचे डोळे उघडे होते आणि तीही पडद्याकडे बघत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होते, ते नळीमुळे, असे नर्स म्हणाली.

बाहेर आल्यावर तासाभराने तिला चहा दिला. पहिला घोट घेऊन ती म्हणाली, "अंदर से मेरा पेट वजडी सरीखाच दिखा, ना गे?"

मला हसू आले आणि गळाही दाटून आला. कारण तिचे म्हणणे खरेच होते, आणि हे सांगायचा तिचा अधिकार आमच्या सगळ्यांपेक्षा मोठा होता. बकरी ईदला आमच्या वाड्यात वजडी साफ करण्याचे काम तिचे. उकळते पाणी, थोडा चुना आणि एक जुना चमचा. वरचा काळपट पदर खरवडून काढत ती आम्हा मुलींना दाखवायची, हा भाग बघा, मधाच्या पोळ्यासारखी जाळी. हा बघा, वहीच्या पानांसारखे पदर. पुढे बी.एस्सी.ला रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या पोटाचे चार कप्पे शिकले, तेव्हा नवी होती ती फक्त नावे. माणसाच्या पोटात ती जाळी नसते, ती पाने नसतात, नुसत्या घड्या असतात. पण तो ओला गुलाबी रंग, ती चकाकी, तीच. अम्मीने स्वत:चे पोट पाहिले आणि तिला ते ओळखीचे वाटले. ते अल्लाच्या दुसऱ्या एका मखलूकच्या पोटासारखे होते, जिच्यात तिने वर्षानुवर्षे हात घातला होता.

हातूमचे काम पाहताना हेच जाणवते. आत गेल्यावर बाई कुठली, कुठल्या मजहबची, कुठली भाषा बोलणारी, काही उरत नाही. बाहेर असताना जिला पासपोर्ट विचारतात, तिच्या आतड्याला कुणी पासपोर्ट विचारू शकत नाही. आणि तरी तिने नाव दिले 'परका देह'. परके कोण? आत घुसलेली नळी परकी, की आपले न पाहिलेले पोट आपल्यालाच परके? की ज्या मुलखात ती बाई येऊन अडकली त्या मुलखाला ती परकी? वाचकहो, आपल्यातल्या ज्यांनी एखाद्या प्रशिक्षणात किंवा कार्यालयात चार वाक्ये मराठीत बोलल्यावर "अरे वा, तुमचं मराठी छान आहे हो" हे ऐकलेले आहे, त्यांना हा प्रश्न फार समजावून सांगावा लागणार नाही. माझ्या चार पिढ्या याच शहरात दफन आहेत.

त्या नळीचाही थोडा इतिहास सांगण्यासारखा आहे. काचेच्या केसासारख्या तंतूंच्या जुडग्यातून चित्र वाकवून नेता येते, हे १९५४ साली लंडनमध्ये हॅरल्ड हॉपकिन्स आणि त्यांचा विद्यार्थी नरिंदरसिंग कपानी यांनी दाखवले. कपानी आपल्या पंजाबातल्या मोग्याचे. त्यावरून बेझिल हिर्शोविट्झ या डॉक्टरने १९५७ मध्ये अमेरिकेत पहिली लवचीक दुर्बीण वापरली. तेव्हा नळीला डोळा लावून डॉक्टर एकटाच बघायचा. १९८०च्या दशकात नळीच्या टोकाशी व्हिडिओचा छोटा कॅमेरा आला आणि चित्र पडद्यावर गेले. डॉक्टरांची त्याने मोठी सोय झाली, लाखोंचे आजार वेळेत कळले, माझ्या अम्मीचाही कळला आणि औषधाने बराही झाला. यंत्राशी माझे भांडण नाही. फक्त एवढेच की, ज्या दिवशी चित्र पडद्यावर गेले त्या दिवसापासून खोलीतला प्रत्येक जण पाहणारा झाला. पूर्वी एका डोळ्याची ती बाब होती.

हातूमला यंत्राच्या या नजरेचे वेड फार आधीपासून होते. १९८०मध्ये, विद्यार्थिनी असतानाच, तिने लंडनला एक प्रयोग केला होता. प्रेक्षकांवर ती कॅमेरा रोखायची आणि समोरच्या पडद्यावर त्या प्रेक्षकाच्या चित्रातून कपडे जाऊन अंग दिसू लागे, कधी क्ष-किरणात दिसतात तशी हाडे दिसू लागत. अर्थात ती अंगे दुसऱ्याच लोकांची, पडद्यामागे बसलेले सहकारी चित्रे एकमेकांत मिसळत होते. पण बसलेल्यांना घाम फुटला असणार. त्या प्रयोगात कॅमेरा लोकांवर होता, 'कोर एत्राँजे'त स्वत:वर. मला यातले दुसरे अधिक मोठे वाटते. जी गोष्ट सहन करायला लावायची ती आधी तिने स्वत: सहन केली. नळी तिने आपल्या मर्जीने गिळली. आणि पाहणाऱ्याला तिने बाकावर बसून मान लांब करू दिली नाही. त्याला अरुंद दारातून आत बोलावले, भिंतीला टेकवले, पायाखालची जमीन काढून घेतली. तिथे पाहणे सोपे राहत नाही. अम्मीच्या खोलीत ते फार सोपे होते.

तिचे आणखी एक काम आहे, १९८८चे, 'मेझर्स ऑफ डिस्टन्स'. जेमतेम पंधरा मिनिटांचे. त्याबद्दल लिहू की नको, असा विचार मी बरेच दिवस केला, कारण आपल्या वाचकांत अनेक जण नाराज होतील. त्यात बैरूतच्या घरी न्हाणीघरात आंघोळ करणाऱ्या आईची छायाचित्रे आहेत आणि त्यांच्यावरून आईच्या पत्रांच्या अरबी ओळी सरकतात. मुलगी ती पत्रे इंग्रजीत वाचून दाखवते. मागे आई आणि मुलीच्या अरबी गप्पा, हसणे. ही छायाचित्रे वडिलांना आवडली नव्हती, हेही त्या पत्रांत येते. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा दोन मिनिटांत बंद केले. काही दिवसांनी पुन्हा लावले. तेव्हा लक्षात आले की, आईचे अंग धड दिसतच नाही, दिसते ती लिपी. उजवीकडून डावीकडे जाणारी, रोज मी फळ्यावर लिहिते तीच. अरबी मला बोलायला येत नाही, पण अक्षरे ओळखीची. ती ओळीने आईवर अशी पसरली आहेत की जाळीचा पडदा वाटावा. कुणाला काटेरी तारही वाटेल. युद्धाने दोघींना दूर ठेवले आहे आणि मुलीला आईच्या जवळ जायला पत्राखेरीज वाट नाही. मी हे वर्गात दाखवणार नाही, घरीही दाखवणार नाही. पण याला बेहया म्हणणाऱ्याशी मी सहमतही होणार नाही. आईने होकार दिला होता. तो होकार त्या हसण्यात ऐकू येतो.

इथे जनावरांचा विषय येतो, कारण त्यांना होकार देता येत नाही.

गेली काही वर्षे बकरी ईदला आमच्या भागात एक नवे खूळ शिरले आहे. जनावर पाडले की चार पोरे मोबाइल काढतात. मशिदीतून दरवर्षी सांगितले जाते की कुर्बानीच्या चित्रफिती काढू नका, पाठवू नका. कारण सांगितले जाते ते शेजाऱ्यांच्या भावनांचे आणि पोलिसांचे. ते बरोबरच आहे. पण अब्बा दुसरे कारण सांगायचे. ते म्हणायचे, बकऱ्यासमोर सुरी घासू नये, एकासमोर दुसरा जिबह करू नये, हे आपल्याला हदीसने शिकवले आहे. म्हणजे मरणाऱ्या जनावराने काय पाहू नये याचीही ज्यात काळजी आहे, त्या दीनात त्या जनावराला तमाशा करून कसे चालेल? अब्बा यंत्रमागावर काम करत. त्यांना कानाने कमी ऐकू यायचे आणि ते सगळ्यांशीच मोठ्याने बोलत. बकऱ्याशी मात्र हळू बोलायचे.

यंत्राने जनावराकडे बघायला सुरुवात केली ती जुनी गोष्ट आहे. १८७८ साली कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिजने धावपट्टीच्या कडेला १२ कॅमेरे मांडले, पट्टीवर दोरे ताणले आणि त्यावरून घोडी पळवली. दोरा तुटला की एक कॅमेरा चाले. धावताना घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात, हे त्याने सिद्ध झाले. आणि ते पसरलेले नसून पोटाखाली गोळा झालेले असतात, हेही कळले. तोवर चित्रकार पाय पसरूनच काढत आले होते. आमच्या टांगेवाल्या चाचांना विचारले असते तर त्यांनी बिनदोराचे सांगितले असते, पण चाचांना कोण विचारतो. पुढे १८८२मध्ये फ्रान्सच्या एतिएन-ज्यूल मारे याने बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा केला. पक्ष्यावर नेम धरायचा, घोडा दाबायचा, सेकंदाला १२ चित्रे. पक्षी मरत नसे, उडून जाई. तरी यंत्राचा आकार बंदुकीचाच निघाला, हे मला सूचक वाटते.

२००३ मध्ये डग्लस गॉर्डन या स्कॉटिश कलावंताने न्यू यॉर्कच्या एका कलादालनात मिनी नावाची शिकवलेली हत्तीण आणली. मोकळ्या पांढऱ्या दालनात तिला मेल्याचे सोंग करायला सांगितले आणि कॅमेरा तिच्याभोवती फिरत राहिला. कामाचे नाव 'प्ले डेड, रिअल टाइम'. दोन भलेमोठे पडदे आणि एक लहान संच. हत्तीण आडवी पडते, निपचित राहते, मग उठू बघते. ते उठणे बघवत नाही. एवढे वजन एका कुशीवरून उचलायचे म्हणजे झुलावे लागते, पाय झाडावे लागतात. ती खरेच दमली आहे की तेही शिकवलेलेच आहे, हे कळायला मार्ग नाही. तिला हुकूम देणारा माणूस चित्रात नाही. मला हे काम चांगले वाटते आणि ते करायला नको होते असेही वाटते. ही दोन्ही वाक्ये मी बाजूबाजूला ठेवते, एकीने दुसरी खोडत नाही.

फ्रान्सच्या पिएर ह्यूगचे 'ह्यूमन मास्क' २०१४चे. जपानात फुकुशिमाच्या अणुदुर्घटनेनंतर ओस पडलेल्या वस्तीवरून कॅमेरा उडत जातो, त्या कॅमेऱ्यामागे माणूस नाही. मग एक बंद खानावळ. आत एक लहान मुलगी, लांब केस, फ्रॉक, पांढरा मुखवटा. हळूहळू हात दिसतात, केसाळ. ती माकडीण आहे. प्रत्यक्षातही एका खानावळीत गिऱ्हाइकांना टॉवेल वगैरे नेऊन द्यायला माकडे शिकवलेली होती, त्यातलेच हे माकड. इथे गिऱ्हाईक कुणी नाही. ती उगीच येरझाऱ्या घालते, बसते, केसांशी चाळा करते, थांबते. जणू कुणी हाक मारील. जग बुडाले तरी नोकरी चालूच, असे काहीतरी. मुखवट्याच्या भोकांतून तिचे डोळे दिसतात तेव्हा मला रुग्णालयातली अम्मी आठवली. तोंड बंद, डोळे उघडे.

माणूस, जनावर आणि यंत्र यांना एकत्र आणणे हे काही पाश्चात्त्यांचेच डोके नव्हे, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे. अल्-जझरी हा कारागीर विद्वान आजच्या तुर्कस्तानातल्या दियारबकीरच्या दरबारी होता. १२०६ साली पूर्ण झालेल्या त्याच्या ग्रंथात हत्तीचे घड्याळ आहे. हत्तीच्या पोटात पाण्याची टाकी. टाकीत तळाला बारीक भोक असलेले भांडे तरंगते. ते अर्ध्या तासात भरून बुडते, दोरी ओढली जाते, वरून गोळा सुटतो, पक्षी फिरतो, साप गोळा झेलून खाली झुकतो, माहूत हत्तीच्या डोक्यावर ठोका देतो. भांडे पुन्हा वर. हत्ती हिंदुस्थानचा, साप चीनचे, पाण्याची विद्या यूनानची. दुबईच्या इब्न बतूता मॉलमध्ये याची मोठी प्रतिकृती उभी आहे. तिथे नोकरीला असलेल्या माझ्या मामेभावाने फोटो पाठवला तेव्हा सोबत लिहिले होते, "आपा, हे मुसलमानाने बनवले." त्याचा अभिमान मला समजतो. पण मला त्या घड्याळात दुसरेच आवडते. तिथे पोट उघडे करून दाखवले आहे ते यंत्राचे, आणि डोक्यावर ठोका बसतो तो बनवलेल्या हत्तीच्या.

पाठ अखेर घेतला. दाखवली ती डॉक्टरांनी शिक्षणासाठी केलेली साधी चित्रफीत, हातूमची नव्हे. सातवीचा वर्ग, ४३ मुले. खिडक्यांना चटया लावून अंधार केला. नळी घशात शिरली तेव्हा सगळा वर्ग "छी" म्हणाला. मेद्यात पोचली तेव्हा गप्प झाला. पहिल्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी हजेरीलासुद्धा नीट आवाज देत नाही, उठून उभी राहिली. "मॅडम, ये किसका पेट है?"

मी म्हटले, एका पेशंटचे.

"उनकू मालूम है क्या, हम देखरे?"

मागून एक पोरगा म्हणाला, "नामच नै लिखे, तो किसकू मालूम पडेंगा?" दुसरा म्हणाला, दवाखान्यात सही घेतात, माझ्या अब्बांची घेतली होती. तिसऱ्याने विचारले, सहीच्या कागदावर शाळेत दाखवणार असे लिहिलेले असते का. मेदा राहिला बाजूला. त्या दिवशी आतड्यांपर्यंत आम्ही पोचलोच नाही. घंटा झाली आणि गणिताचे सर दारात येऊन उभे राहिले, चटया काढा म्हणाले, त्यांना फळा दिसत नव्हता.